पाटी धरणारा माणूस

मंगळवारी मी बोलण्याच्या बाईंपुढे तीस फोटो मांडले आणि खुर्चीत मागे टेकून बसले. छाती जरा फुगलीच होती, खोटं कशाला सांगू.

बोलण्याच्या बाई हे आमच्या घरातलं नाव. त्यांच्या दारावर पदव्यांची अशी लांबलचक ओळ आहे की ती वाचून होईपर्यंत आपला नंबर लागतो. झटका येऊन ज्यांची वाचा गेली त्यांना पुन्हा बोलतं करणं हे त्यांचं काम. माझ्या नवऱ्याला झटका आला त्याला तेव्हा चार महिने झाले होते. उजवा हात लुळा, उजवा पाय ओढत चालणं, आणि तोंडात एकच शब्द उरलेला : ‘बरं’. चहा देऊ का? बरं. चहा गार झाला? बरं. रागावले तरी बरं, आणि पायाचा अंगठा दाराला आपटून डोळ्यांत पाणी आलं तरी बरंच. सुरुवातीला आम्ही मायलेकी त्यावर हसायचो. मग हसायचाही कंटाळा आला.

मागच्या खेपेला बाई म्हणाल्या होत्या, “काकू, तुम्ही दोघं जिथे जिथे फिरलात तिथले फोटो आणा. ओळखीचं काही दिसलं की कधीकधी शब्द सुटतो.”

फोटो! अहो, मी जन्मभर दुसरं केलंय काय? कॅलेंडरं, प्रवासी कंपन्यांची माहितीपत्रकं, हॉटेलांच्या भिंती, सगळीकडे माझी तळी आणि माझे डोंगर. एकदा दाताच्या डॉक्टरकडे गेले तर बाकावर गाल धरून बसलेल्या माणसाच्या डोक्यावर माझंच दीपगृह लटकत होतं. खाली नाव अर्थातच कंपनीचं. चाळीस हजार चित्रं असतील माझ्या संगणकात, आणि त्यांतल्या प्रत्येक जागी नवरा बरोबर होता. एकोणीस वर्षं. त्यांची पाठ धरली, पाइपांखाली वाकणं जमेना, म्हणून त्यांनी प्लंबिंगचं काम सोडलं आणि माझी तिकाटणं, म्हणजे कॅमेऱ्याचे तीन पायांचे स्टँड, उचलायला लागले. तेव्हा निवडून निवडून तीस आणली होती. एकेक अशी की बघणाऱ्याने आ वासावा.

नवऱ्याने आ वासला नाही. त्यांनी पहिला फोटो डाव्या हाताने उचलला, बँकेतलं कॅलेंडर बघावं तसा बघितला, मग उलटा केला आणि टेबलावर पालथा ठेवला. दुसरा, तसंच. तिसरा, तसंच. दीपगृह पालथं, धुक्यातला पूल पालथा, ज्या तळ्यासाठी मी चार दिवस पहाटे थंडीत कुडकुडले ते तळंही पालथं. तीसही झाले, आणि मग ते माझ्या खांद्यावरून मागे कोपऱ्यात बघत बसले. तिथे होतं काय तर एक बेसिन, आणि त्यात टॉवेलाची घडी.

“काका, इकडे. इकडे बघा,” बाई म्हणाल्या.

“बरं,” नवरा म्हणाला आणि तिकडेच बघत राहिला.

बाईंनी फोटो पुन्हा सरळ केले. एकेक बघितला. सुंदर आहेत म्हणाल्या. मग म्हणाल्या, “पण काकू, यात काका कुठे आहेत?”

“माणसं नको असतात यात,” मी म्हटलं. “गिऱ्हाइकाला मोकळी जागा लागते. बघणाऱ्याला वाटायला हवं की आपल्याआधी इथे कुणी आलंच नव्हतं.”

“आणि तुम्ही?”

“मी कॅमेऱ्यामागे.”

बाई म्हणजे तशी चांगली मुलगी आहे, माझ्या लेकीच्या वयाची. वाईट बातमी सांगायच्या आधी पेनाचं टोपण काढते आणि लावते. तिने टोपण काढलं. महिनाभरात काका नवा शब्द बोलायचा प्रयत्नही करत नाहीयेत, म्हणाली. अजून तीन बैठका आहेत. त्यानंतर तिला अहवाल लिहावा लागेल. तोवर काही हललं नाही तर बैठका बंद होतील आणि घरीच व्यायाम करायचा कागद मिळेल. बाहेर रांग मोठी आहे. तिने टोपण लावलं.

म्हणजे तीन मंगळवार. त्यानंतर हा माणूस मरेपर्यंत मला ‘बरं’ म्हणणार. जिना उतरताना त्यांचं सगळं वजन माझ्या खांद्यावर होतं आणि माझ्या डोक्यात हे एकच वाक्य फिरत होतं. रागही आला होता. बाईंचा नाही, नवऱ्याचाच. माझं तळं पालथं ठेवलं म्हणून. आजारी माणसावर रागवू नये म्हणतात, पण जे असं म्हणतात ते रोज कुणाला मोजे चढवत नसावेत.

दुसऱ्या दिवशी लेक आली. ती आठवड्यातून दोनदा कामावरून थेट येते, बाबांची दाढी करते, आणि जाताना काहीतरी बोचरं बोलून जाते. माझ्यावरच गेलीय.

“आई, बाबांचा एक धड फोटो दे ना,” दाढीचा फेस पुसत ती म्हणाली. “बाईंना दाखवू. लग्नातला नको. प्रवासातला.”

“नाहीये.”

“नाहीये म्हणजे?”

“नाहीये म्हणजे नाहीये. काम करत होतो आम्ही, सहलीला नव्हतो गेलो.”

लेकीने वस्तरा धुतला, झटकला. “एकोणीस वर्षं बाबा तुझी ओझी वाहत हिंडले. आणि तू फोटोग्राफर. आणि त्यांचा एक फोटो नाही.” तिन्ही वाक्यं तिने सुटी सुटी म्हटली, मला नीट लागावीत म्हणून. लागली. मी म्हटलं, “जा आता, उशीर होतोय तुला,” आणि ती गेली.

दुपारी नवरा झोपल्यावर संगणक उघडला. काही शोधायचं नव्हतं. मनाला लागलेलं असलं की मी जुनी चित्रं उघडून रंग सारखे करत बसते, तशी बसले. त्या धुक्यातल्या पुलाचं मूळ पाकीट, म्हणजे संगणकातलं फोल्डर, उघडलं. पाकिटात पहिली फ्रेम नेहमीची, पाटीची.

पाटी म्हणजे वहीएवढा करडा पुठ्ठा. ऊन, सावली, ढग, प्रत्येकाचा उजेड वेगळा, आणि कॅमेरा त्यात फसतो. म्हणून काम सुरू करताना पहिल्या फ्रेममध्ये कुणीतरी तो पुठ्ठा धरून उभं राहायचं. नंतर संगणकावर त्या करड्या रंगावर एकदा टिचकी मारली की त्या जागेच्या सगळ्या फोटोंचे रंग ताळ्यावर येतात. टिचकी मारली की त्या फ्रेमचं काम संपलं. पुठ्ठा हनुवटीखाली धरायचा, म्हणून नवरा म्हणायचा, “ही घे आरोपीची पाटी. नंबर लिही हवं तर.”

तशी फ्रेम मी आयुष्यात हजार वेळा उघडली असेल. दर वेळी माझी नजर पुठ्ठ्यावर गेली होती. त्या दिवशी पहिल्यांदा ती वर सरकली.

हा बघा माझा नवरा. पुलाच्या कठड्यापाशी, कानटोपी घालून, नाक लाल, पाटी छातीशी. तोंड उघडं.

मी दुसरं पाकीट उघडलं. तळं. पहिली फ्रेम, पाटी, तोंड उघडं. दीपगृह, पाटी, वाऱ्याने केस उभे, तोंड उघडं. संध्याकाळचा चहा राहिला तोवर मी सगळी पाकिटं उघडली होती. दोनशे बारा जागा आणि दोनशे बारा वेळा हा माणूस. काळे केस, करडे केस, विरळ केस. एक स्वेटर अकरा वर्षं चाललाय, मला पत्ताच नव्हता. आणि शेवटच्या दोन वर्षांत पाटी खाली खाली येत गेलीय. हनुवटीखालून छातीवर, छातीवरून पोटावर. ते मला आठवतं. मी ओरडायची, “अहो, वर धरा ना, एवढंसं तर काम आहे!” दमला होता माणूस. इतकं उघड दिसत होतं ते, आणि मी काढून ठेवलं होतं, तारखेसकट. मला रडू आलं. मी रडले, मग चहा टाकला.

लेकीला फोन करून म्हटलं, “सापडलेत.”

“किती?”

“दोनशे बारा.”

ती म्हणाली, “आई, तू म्हणजे ना,” आणि तिने फोन ठेवला.

प्रिंट काढणारा माझ्या चाळीस वर्षांच्या ओळखीचा. दोनशे बारा फोटोंचा गठ्ठा देताना त्याने वरचे दोनचार चाळले. “पोलिसांत द्यायचेत का हो?” म्हणाला. “सगळीकडे हाच सापडलाय.”

पुढच्या मंगळवारी मी तो गठ्ठा घेऊन गेले. नवऱ्याने पहिला उचलला, आणि या वेळी मात्र ते थबकले. स्वतःकडे बघितलं. अंगठ्याने पाटीवरून हात फिरवला. बाई पुढे झुकल्या. “बरं,” ते म्हणाले, पण हळू, विचार करून. मग त्यांनी फोटो उलटा केला आणि मागचा कोरा पांढरा कागद बघत राहिले. पुन्हा सरळ, पुन्हा उलटा. कोऱ्या बाजूवर बोट टेकवलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा बोट टेकवलं. पुढचा फोटो, तेच. दहाव्या फोटोला त्यांनी कोऱ्या कागदावर अशा चापट्या मारायला सुरुवात केली की टेबलावरचा पेला हलला.

“थकलेत,” बाई म्हणाल्या. “लक्ष टिकत नाहीये.” टोपण निघालं, टोपण लागलं.

मी हात टेकले. घरी येऊन गठ्ठा कपाटावर टाकला. त्याच आठवड्यात नवऱ्याला ताप भरला आणि मधला मंगळवार तापातच गेला. म्हणजे उरला एकच. मी चादरी बदलत होते, औषधाच्या वेळा पाळत होते, आणि मनातल्या मनात त्या व्यायामाच्या कागदासाठी कपाटाच्या दारावर जागासुद्धा बघून ठेवली होती. माणूस इतका दमतो की हरायचीही तयारी नीटनेटकी करतो.

ताप उतरला त्या दुपारी ते पलंगावर उशीला टेकून बसले होते. मी समोर उभी राहून त्यांना गोळी देत होते. ते माझ्या खांद्यावरून मागे बघत होते, नेहमीसारखे. मी चिडून म्हटलं, “काय आहे मागे?” आणि म्हणता म्हणता गोळी माझ्या हातातच राहिली.

कारण हा प्रश्न मी एकोणीस वर्षांत कधीच विचारला नव्हता. ते मात्र सांगायचे. “अगं, मागे बघ जरा,” दर जागी, पाटी धरल्या धरल्या. माझा डोळा भिंगाला लागलेला, उजेड पळत असायचा, मी म्हणायची, “अहो, तोंड मिटा, हलू नका!” मग ते बाजूला व्हायचे, माझं काम दोनतीन तास चालायचं, आणि परतीच्या गाडीत ते काहीबाही सांगायचे : त्या घराची पन्हळ कशी उलटी बसवलीय, त्या चौकातल्या नळाला कुणी चिंधी बांधलीय. मी डोळे मिटून हं हं करायची. जगातल्या एवढ्या सुंदर जागी जाऊन या माणसाला गटारं दिसतात, असं मी मैत्रिणींना हसत हसत सांगायची.

पण त्यांना दुसरं दिसणार तरी काय? पाटी धरणाऱ्याने कॅमेऱ्याकडे तोंड करून उभं राहायचं असतं. पूल, तळं, दीपगृह सगळं त्यांच्या पाठीशी. मी समोरचं बघायची, ते माझ्या मागचं. दोनशे बारा जागी आम्ही दोघं एकमेकांसमोर उभे होतो आणि दोघांनी दोन वेगळी गावं बघितली. माझी सगळी कागदावर उतरली. त्यांची एकही नाही. म्हणून फोटो उलटा करून बघत होते बिचारे, मागे कुठे आहे का ते. आणि आम्ही म्हणत होतो लक्ष टिकत नाही.

मी संगणकाकडे धावले, गुडघे जेवढं धावू देतात तेवढं. एकेक पाटीची फ्रेम मोठी केली, आणखी मोठी, त्यांच्या चष्म्याच्या काचेपर्यंत. म्हटलं काचेत तरी दिसेल माझ्या मागे काय होतं. काचेत एक काळा ठिपका होता, तीन पायांवर वाकलेला. दुसऱ्या फ्रेममध्ये, तिसऱ्या फ्रेममध्ये, तोच ठिपका. मी. बाकीचं सगळं मीच अडवलं होतं.

शेवटच्या मंगळवारी तिकाटणं, जुना कॅमेरा, पाटी आणि फोटोंची पिशवी, एवढं सगळं घेऊन निघाले. लेक बाबांना धरून, मी ओझ्याखाली. “आता कळलं का बाबा काय काय उचलायचे?” ती म्हणाली. कळलं होतं. पहिल्या मजल्यावरच कळलं होतं.

बाईंनी सामान बघितलं आणि घड्याळ बघितलं. “काकू, आज मला अहवालासाठी काही चाचण्या...”

“दहा मिनिटं द्या,” मी म्हटलं. “नंतर काय लिहायचं ते लिहा.”

नवऱ्याला खिडकीशी खुर्चीवर बसवलं. उजेड डावीकडून येत होता, ढगाळ, बरा होता. मी पाच पावलं मागे आले, तिकाटण्याचे पाय उघडले. एक पाय अडला, तो नेहमी तेच ठोकून मोकळा करायचे, मी दोनदा ठोकला. मग पाटी त्यांच्या डाव्या हातात दिली. त्यांनी ती बघितली. त्या करड्या पुठ्ठ्याकडे असं बघितलं, जसं त्या तीस फोटोंतल्या एकाकडेही बघितलं नव्हतं. आणि कुणी न सांगता ती हनुवटीखाली नेली. पाटी अगदी सरळ होती.

मी डोळा भिंगाला लावला. चौकटीत ते नेमके बसले. कान, चष्मा, तोंडाचा उजवा कोपरा ओघळलेला. मी उजेड मोजला. त्यांचं तोंड उघडलं.

“अहो, तोंड मिटा,” माझ्या तोंडून गेलं.

गेलं आणि मी जीभ चावली. चार महिने ज्या तोंडाने बोलावं म्हणून जीव टांगणीला लागलाय, त्यालाच मी मिट म्हणते! लेक दाराशी उभी होती, तिने कपाळावर हात मारला. पण चौकटीतल्या माणसाने काही मनावर घेतलं नाही. एकोणीस वर्षं घेतलं नव्हतं, आज कशाला घेतील. ओठ हलत होते. गळ्याची शीर ताणली होती.

“अ,” ते म्हणाले. “अगं.”

त्यांनी माझं नाव उच्चारलं असतं तरी मला एवढं झालं नसतं. नावाने मला जग हाक मारतं. ‘अगं’ म्हणणारा एकच आहे.

“अगं,” पुन्हा, आणि मग अडखळत, ढकलत, “मा. मागे.”

मी भिंगावरून डोळा काढला आणि वळले.

कोपऱ्यात बेसिन होतं. नळातून थेंब पडत होता. थेंबाचा आवाज होऊ नये म्हणून कुणीतरी बेसिनमध्ये टॉवेलाची घडी ठेवली होती आणि ती चिंब भिजली होती. दुसरा थेंब आला, तोटीला लोंबला, पडला. महिनाभर मी त्या बेसिनकडे पाठ करून बसत होते.

“वॉशर,” माझ्या मागून आवाज आला. हा स्पष्ट होता, कामावरचा.

“काय म्हणाले?” बाईंनी विचारलं.

“वॉशर गेलाय म्हणतात नळाचा.”

“हो, गळतोय तो,” बाई म्हणाल्या. “मी केव्हाची तक्रार केलीय.” मग त्यांना आपण काय ऐकलं ते कळलं आणि त्यांच्या हातातलं पेन खाली पडलं. टोपण कुठे गेलं ते नंतर लेकीनेच टेबलाखालून काढून दिलं.

मी पिशवीतून हाताला लागला तो पहिला फोटो काढला. धुक्यातला पूल, कानटोपी, पाटी. नवऱ्यासमोर तो पालथा ठेवला आणि त्यांच्या पायाशी जमिनीवरच बसले. उठायला त्रास होणार होता, पण ते नंतरचं नंतर.

“इथे?” कोऱ्या कागदावर बोट ठेवून मी विचारलं. “इथे माझ्या मागे काय होतं?”

ते कागदाकडे बघत राहिले. मी वाट बघितली. माणसं चौकटीतून निघून जावीत म्हणून मी तास तास वाट बघितलीय, मला ती येते. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले.

“टाकी,” ते म्हणाले.

“गळत होती?”

“बरं,” ते म्हणाले आणि तोंडाच्या डाव्या अर्ध्याने हसले. म्हणजे गळत होती.

दार ढकलून पुढचा रुग्ण डोकावला. बाईंनी त्याला हाताने थांबवलं, अहवालाचा कागद खणात सारला आणि वहीत पुढच्या मंगळवारपुढे आमचं नाव लिहिलं. लेकीने तिकाटणं मिटलं. उरलेले दोनशे अकरा फोटो मी एकेक करून पालथे केले आणि तसेच पिशवीत भरले.